रविकांतचा ओटा

इस्लापूरच्या पुढे जंगलातल्या त्या गावाला दिवसाकाठी एकच एसटी. ती शेवटच्या वाडीपर्यंत जाते आणि तासाभराने परत फिरते. निवृत्त हवालदार आनंदराज शिरूर अनंतपाळहून आदल्या दिवशीच निघाला होता. गाडीतून उतरला तेव्हा हातात झेंडूचा हार होता. त्याच्याच पलटणीतल्या, सीमेवर बर्फात गेलेल्या रविकांतचं स्मारक बघायला यायला त्याने कित्येक वर्षं लावली होती. कारण एकच. शेवटच्या घटकेला माझ्या लेकाजवळ कोण होतं, असं रविकांतची आई विचारणार. त्यावर एक खोटं उत्तर तो घोकून आला होता.

स्मारक म्हणजे पत्र्याखालचा ओटा आणि नाव कोरलेला काळा दगड. ओट्यावर बायका परतीच्या गाडीची वाट बघत शेंगा फोडत बसल्या होत्या. एकीने तर कोंबड्यांची पाटी दगडालाच टेकवली होती. आनंदराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फौजेतून माणूस निवृत्त होतो, त्याचा आवाज होत नाही.

"उठा इथून. शहिदाची जागा हाय ही, का बसस्टँड?"

बायका उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी पाण्याची घागर घेऊन आली. रविकांतची आई, सरजाबाई.

"कोण रं बाबा तू? उठिवलं कामून यान्ला?"

"जय भीम, माय. मी आनंदराज. रविकांतसंगं होतो."

सरजाबाईंनी घागर खाली ठेवली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"सायब लोक ह्यो दगड शाळंमागं कुंपणात लावून राहिले होते. म्या म्हणलं, न्हाई. गाडी थांबते तिथं लावा, मानसांत. ल्हान होता तवा परसाकडं जायालाबी सोबत लागायची त्याला. बसा गं बायांनो."

बायका परत टेकल्या. मग सरजाबाईंनी विचारलंच. "शेवटाला कोण होतं रं त्याच्याजवळ?"

घोकलेलं उत्तर ओठांवर आलं, पण ओट्याकडे बघून त्याला ते बोलवेना.

"कोणीच नव्हतं, माय. एकलाच होता. बर्फ उकरत आमी पोचलो ते तिसऱ्या दिवशी."

सरजाबाईंचे डोळे वाहू लागले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"तुझ्या पल्टनीतले आले ते समदे म्हणले, माझ्या मांडीवर गेला. इतक्या मांड्या कुठून आल्या, बाबा?"

गाडी आली. बायका चढल्या, ओटा रिकामा झाला. कंडक्टरने आनंदराजला हाक मारली. त्याने हातानेच जा म्हणून खुणावलं, दगडाला हार घातला आणि ओट्यावर टेकून बसला. आता गाडी उद्याच होती.