सॉरीनंतरचं हसू

बाईंनी फोनवरचं बटण दाबलं, स्पीकर खरखरला आणि रेकॉर्डिंगवाली नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युवर लॉस." पाठोपाठ तिच्या तोंडून एक बारीकसं हसू निसटलं. मग वर्गातल्या सगळ्या बायका एका सुरात तेच वाक्य म्हणाल्या, आणि एका सुरात तेवढंच बारीक हसल्या.

शेवटच्या बाकावरची एकटी गप्प होती. ती इस्त्रीवाली. खालच्या लॉन्ड्रीत इस्त्री करता करता वरच्या मजल्यावरचं इंग्रजी तिच्या कानावर पडायचं, आणि एक दिवस ती इस्त्री बंद करून सरळ जिना चढून आली होती. आता ती शहराच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची. तिथली माणसं नाना देशांची. सगळ्यांना मिळून समजणारी अशी भाषा इंग्रजीच काय ती. नोकरी नवी कोरी होती, पण वर्गात तिचं नाव इस्त्रीवालीच राहिलं होतं. या वेळी ती खरं तर कामावर असायला हवी होती.

"आज सुट्टी का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही." तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "बाई, एक विचारू? ते शेवटी हसतात, ते वाक्यातलंच असतं ना?"

"असतंच की!" पुढच्या बाकावरची शिवणकामवाली वळून म्हणाली. "रोज हसते ती. त्यांच्यात तशी रीत असणार. दुःखातल्या माणसाला जरा हसून धीर द्यायचा."

"मलाही तेच वाटलं होतं," इस्त्रीवाली म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं होतं. त्यातली म्हातारी आज पहाटे गेली. इस्त्रीवाली कामावर गेली तेव्हा म्हातारा एकटाच खुर्चीत बसला होता. तिला भडभडून आलं. जवळ जाऊन तिने त्याचा हात हातात घेतला आणि शिकलेलं वाक्य म्हटलं. अगदी शिकवल्याबरहुकूम, शेवटपर्यंत.

"त्यांनी हात हिसकावून घेतला, बाई. मला आधी कळेचना. मग ओरडायला लागले. माझी बायको गेली आणि ही हसते, म्हणाले. सगळा मजला गोळा झाला."

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"ऑफिसातल्या मॅडमनी घरी पाठवलं. उद्या या म्हणाल्या, ठेवायचं की नाही ते ठरवू. चेहऱ्यावरून तरी ठरलेलंच दिसत होतं."

"मग तू सांगायचं नाही का, वर्गात असंच शिकवतात म्हणून?" शिवणकामवालीने विचारलं.

"कशी सांगणार? तुम्ही पुढच्या बाकावरच्या तिघी तिथेच मुलाखतीला जायच्या आहात. वर्गाचं नाव खराब झालं तर तुम्हाला दारात तरी उभं करतील का? घाबरून हसू आलं, असं मी सांगितलं." मग तिने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसतं विचारणं होतं. "तुमच्या कधी लक्षात नाही आलं, बाई?"

बाईंनी फडकं उचललं आणि फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"नाही गं," त्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या. "इतकं बारीक... नाही आलं लक्षात."

हे साफ खोटं होतं. बाईंनी ते हसू पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. ध्वनिमुद्रण चाललं असताना कोणी दार उघडून आत आलं असेल, कोणी वेडंवाकडं तोंड केलं असेल. काहीतरी झालं आणि ती रेकॉर्डिंगवाली हसली, आणि ते कापायचं राहून गेलं. इंटरनेटवर फुकट मिळणारे धडे ते. चित्रं फुकट, प्रश्न फुकट, संवाद फुकट, आणि आवाजही फुकट. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. पण बाईंनी तर दात मोजले होते, कुठला किडलाय तेही पाहिलं होतं, आणि वर पुन्हा गाय चांगली म्हणून सांगत होत्या.

वाक्य हसू वगळून शिकवायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यासाठी ते बाईंना स्वतः म्हणून दाखवावं लागलं असतं, आणि घोडं पेंड खायचं ते तिथेच. बाईंचं इंग्रजी कागदावरचं. वाचलेलं सगळं कळे, ऐकलेलंही कळे, परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण तोंड उघडलं की शब्द एकमेकांच्या पायात पाय घालत. तरुणपणी एका शाळेत मुलाखतीला गेल्या असताना समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहून ओठ दाबले होते. तेव्हापासून बाई चारचौघांत इंग्रजी बोलल्या नव्हत्या. या वर्गातसुद्धा नाही. "ऐका आणि म्हणा," एवढं मराठीत सांगायच्या आणि बटण दाबायच्या. बायका कौतुकाने सांगत सुटायच्या, आमच्या बाई थेट अस्सल उच्चारच ऐकवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मी येते उद्या तुझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरी गेल्या तर नवऱ्याने चहाचा कप पुढे करत विचारलं, "काय, हसली का आज तुझी रेकॉर्डिंगवाली?"

हा त्यांचा रोजचा विनोद होता. कधी घरात कप फुटला, कधी दूध उतू गेलं, की तो हात जोडून "सो सॉरी" म्हणायचा आणि तसंच बारीक हसून दाखवायचा. बाईही पोट धरून हसायच्या. वर्गातल्या बायका कशा सगळ्या मिळून हसतात, त्याची नक्कल बाईंनीच त्याला करून दाखवली होती. आज ते आठवलं आणि त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

त्यांनी सगळं सांगितलं. नवरा गंभीर झाला.

"तू बोलणार त्यांच्याशी? इंग्रजीत?"

तो चिडवत नव्हता. त्याला खरोखर काळजी वाटत होती, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी हो-ना करत दोघींना वर सोडलं. म्हातारबाबांची हरकत नसेल तरच, आणि पाचच मिनिटं.

खोलीत दोन पलंग होते. एकावरची गादी उघडी, चादर काढून घडी करून पायथ्याशी ठेवलेली. म्हातारबाबा खिडकीपाशी बसून बायकोच्या श्रवणयंत्रातली बॅटरी काढत होते. बोटांना ते झाकण सापडत नव्हतं. इस्त्रीवाली सवयीने पुढे झाली, तशी त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

आता बोलायचं होतं. बाईंनी पाठ करून आणलेली तीन वाक्यं होती. त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"सर," बाई म्हणाल्या. "शी नॉट लाफ. रेकॉर्डिंग लाफ. शी... लर्न. शी थिंक, लाफ इज इन सेंटेन्स."

म्हातारबाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना काही समजलं नव्हतं. बाईंचे कान तापले. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, आणखी वाईट झालं. शेवटी त्यांनी फोन काढला आणि बटण दाबलं.

खोलीत तो गोड आवाज आला, आणि पाठोपाठ ते हसू.

म्हातारबाबांनी बोटाने खूण केली. पुन्हा. बाईंनी पुन्हा ऐकवलं. मग ते बराच वेळ त्या उघड्या गादीकडे पाहत राहिले.

"म्हणजे हिला कोणी असंच शिकवलं," ते इंग्रजीत म्हणाले. आवाज बसलेला होता, पण राग उतरला होता. त्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं. "माझ्या बायकोला तू भरवलेलंच जेवण जायचं. म्हणून तर मला ते सहन झालं नाही. मी खाली फोन करून सांगतो. तू कामावर ये."

इस्त्रीवालीने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले. बाईंचा जीव भांड्यात पडला. झालं, सुटलो, असं त्यांना वाटलं. त्या निघायला वळल्यासुद्धा.

"एक मिनिट," म्हातारबाबा म्हणाले. आता ते बाईंकडे पाहून बोलत होते. बाईंना समजावं म्हणून प्रत्येक शब्द सुटा सुटा, लहान मुलाशी बोलावं तसा. "तुम्ही हिच्या नातेवाईक ना? तुम्हाला इंग्रजी येत नाही, तरी तुम्ही आलात. हे चांगलं केलंत. पण हिच्या टीचरने स्वतः यायला हवं होतं. ती का नाही आली?"

बाईंना सगळं समजलं. त्यांना नेहमीच सगळं समजायचं.

त्यांच्या आधी इस्त्रीवालीच बोलली. डोळे पुसता पुसता, जराही न अडखळता, स्वच्छ इंग्रजीत. "शी इज सिक, सर. शी वॉन्टेड टु कम."

तिने बाईंकडे पाहिलंही नाही. जिने काल वर्गाची अब्रू राखली होती, तीच आज बाईंची राखत होती, तेही नोकरी हातात परत येऊन क्षणही झाला नसताना. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं बाईंना झालं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दार दोन पावलांवर होतं.

"नो," बाई म्हणाल्या. "सर, नो. शी केम. आय... आय टीचर. हर टीचर."

म्हातारबाबांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. बाईंना वाटलं, आता ते ओठ दाबतील. त्यांनी दाबले नाहीत. ते ऐकत होते. मग बाईंना थांबता येईना.

"आय हिअर लाफ. फर्स्ट डे. आय नो. आय नॉट टेल देम." अजून काहीतरी सांगायचं होतं, पण इंग्रजी तिथेच संपलं. "माझी चूक आहे," त्या मराठीतच म्हणाल्या.

म्हातारबाबांनी नुसती मान हलवली आणि ते पुन्हा त्या बॅटरीकडे वळले. या वेळी इस्त्रीवालीने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी ते यंत्र तिच्या हातात दिलं. तिने नखाने झाकण उघडलं, बॅटरी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास भरून त्यांच्याजवळ सरकवला.

दोघी बाहेर आल्या. लांबलचक कॉरिडॉरमधून कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत आणत होतं. इस्त्रीवालीने खुंटीवरचा एप्रन काढला, गळ्यात घातला, पाठीमागे हात नेऊन गाठ बांधायला लागली. बाई बाजूला उभ्या होत्या. जावं की थांबावं, त्यांना कळत नव्हतं.

"फार चुकलं का गं माझं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बोलण्यात?"

बाईंनी कशीबशी होकारार्थी मान हलवली.

"बोलण्यात तसं फारसं नाही, बाई," इस्त्रीवाली म्हणाली, आणि पुढे जाऊन तिने जेवणाची गाडी आपल्या हातात घेतली.