थट्टेचा सोयरा

"ताई, तिसऱ्या रिळातली ती म्हातारी आभार मानत नाहीये," बामॉय म्हणाला आणि चहाचा पहिला, कडू पेला त्याने माझ्या हातात दिला.

मंत्रालयाची समिती यायला पाऊण तास उरला होता. आमच्या चित्रपट केंद्राच्या अंगणात सकाळीच ऊन तापलं होतं, आणि बामॉय कोळशाच्या शेगडीपुढे बसून जणू आज बाजारात माशाचा भाव काय, असं सांगत होता.

"आभार मानत नाही? मग काय करते?"

"टोमणा मारते."

बामॉय काराबेंता आमचा ध्वनिमुद्रक. जातीचा बोझो, म्हणजे नदीवरचा कोळी. मी अस्सितान, संकलक, इथं राजधानीत, बामाकोतच जन्मलेली. मला बोझोंची बोली ओ की ठो कळत नाही. दुष्काळात सरकारने नदीकाठच्या गावांना धान्य कसं पोचवलं, हे दाखवणारा माहितीपट मंत्रालयाने आमच्याकडून करून घेतला होता. चाळीस मिनिटांच्या सिनेमाला दोन वर्षं लागली. देशात फिल्म धुवायची सोय नाही, म्हणून डबे विमानाने परदेशी जातात. आणि विमानात चढण्याआधी ते इतक्या टेबलांवर सह्यांसाठी बसतात की तोवर जन्मलेलं पोरगं रांगायला लागतं. एकच प्रत करायची परवानगी मिळाली होती. ती काल आली.

निवेदन मंत्रालयातच लिहिलेलं, फ्रेंचमध्ये. नियम असा की आपली माणसं पडद्यावर दिसावीत, पण बोलावं निवेदकाने. माणसांचे आवाज त्याच्याखाली दबलेले. पण त्या म्हातारीचा आवाज असा काही खरखरीत आणि जिवंत होता की मला राहवलं नाही. निवेदक म्हणतो, 'ही आजीबाई सरकारचे आभार मानते आहे,' आणि तो थांबला की मी तिचा आवाज वर आणला होता. बारा सेकंद. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं आहे.

"नक्की काय म्हणते?"

बामॉयने म्हातारीची नक्कल केली. "धान्य निघालं होतं हो आमच्याकडं. पण मोठ्या साहेबांच्या बंगल्यापाशी आलं नि त्याचे पाय दुखायला लागले. बसलं तिथंच."

मी पेला खाली ठेवला. दुष्काळात कुणाचे बंगले उठले, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण ते बोलणारी माणसं उत्तरेला, वाळवंटात मीठ खणायला धाडली जात. परत आलेला मी तरी कुणी पाहिला नव्हता.

"मेल्या, तू मला तेव्हा सांगितलंस आभार मानते म्हणून!"

"वाटलं, कुणाला कळणार? आपले लोक आठवड्याला एक हिंदी सिनेमा बघतात, शब्द कळत नाही तरी रडतात. इतकं चांगलं बोलली होती गं ती. कापून टाकली असतीस तू."

टाकलीच असती. आणि हिंदी सिनेमांचं म्हणाल तर दुसरं काय बघणार? चित्रपटगृहं सरकारने ताब्यात घेतली, परदेशी कंपन्यांनी रुसून पुरवठा बंद केला, आणि आपला स्वतःचा सिनेमा करायचा तर सह्या.

"मग आज का सांगतोस?"

"समितीवर नवा माणूस आलाय. कॅप्टन गिंदो. डोगोन आहे, पण वाढला नदीकाठी मोप्तीत, आमच्यातच. माझ्याइतकी बोली येते त्याला." मग तो हसला. "घाबरू नकोस. डोगोन म्हणजे माझा कांदाखाऊ. कांदाखाऊ मला काय करणार?"

हे खरं होतं, आणि त्यावरच मी तो सकाळचा पाऊण तास काढला. डोंगरावरचे कांदा पिकवणारे डोगोन आणि नदीवरचे बोझो यांचं थट्टेचं नातं आहे. भेटले की एकमेकांना शिव्या घालायच्या, आणि रागवायचं नाही. मयताच्या घरी जाऊनसुद्धा थट्टा करायची, आणि रडणाऱ्यांनी हसायचं. भुकेल्या डोगोनला बोझोने स्वतःच्या मांडीचं मांस भाजून घातलं, तेव्हाची ही शपथ. थट्टेच्या सोयऱ्याचं रक्त काढणारा वाचत नाही, असं सगळेच मानतात. मीही मानते.

तरी मी म्हटलं, "मी यंत्राच्या खोलीत थांबते. म्हातारी आली की आवाज खाली करीन."

"कर. पण उगाच."

दहा वाजता जीप आली. कॅप्टन गिंदो उतरले. उंच, तरणे, गणवेशाला नुकतीच इस्त्री केलेली. त्यांच्यामागून एक साधा सदरा घातलेला माणूस उतरला, हातात वही. त्याने नाव सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

बामॉयने अंगणातूनच आवाज दिला, "आला का कांद्याचा वास! मी म्हटलं, कुणाचं पोतं सडलं?"

कॅप्टन थबकले. मग त्यांचा सगळा चेहराच उघडला. "अरे, माशाचं मुंडकं! तुला अजून मांजराने नेलं नाही होय रे?"

"मांजराला सांगितलं, माझा गुलाम येतोय डोंगरावरून, आधी त्याला खा."

"गुलाम तू, तुझा बाप आणि तुझी होडी!"

दोघं एकमेकांचे हात धरून हसले. पार पोट दुखेपर्यंत. मीही हसले, गरजेपेक्षा जास्त. वहीवाला हसला नाही, पण मला वाटलं, काही माणसांना हसायचं ठाऊकच नसतं.

आत छोट्या प्रेक्षागृहात पंखा फिरत होता. मी यंत्राच्या खोलीकडे वळले, तेवढ्यात कॅप्टन म्हणाले, "बाई, तुम्ही कुठं निघालात? इथं बसा. काही विचारायचं झालं तर?"

पोट बिघडलंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. यंत्रात दोष आहे म्हटलं असतं. पण वहीवाला माझ्याकडे बघत होता, आणि माझे पाय आपोआप त्या खुर्चीकडे गेले. एका बाजूला कॅप्टन, पलीकडे तो. बामॉय मागच्या रांगेत.

पहिलं रीळ गेलं. दुसरं गेलं. कॅप्टनांनी नदी ओळखली, धक्का ओळखला, मागे वळून म्हणाले, "ही तुझी काकू का रे? तिच्या होडीसारखीच दिसते!" बामॉय म्हणाला, "काकूनंच तुला पोहायला शिकवलं, बुडव्या."

तिसरं रीळ लागलं. मी मनात म्हणत होते, आत्ता वीज जावी. इतर वेळी दिवसातून चारदा जाते. गेली नाही.

निवेदक म्हणाला, 'ही आजीबाई सरकारचे आभार मानते आहे.' आणि म्हातारीने जाळ्यातून मान वर करून बारा सेकंद आपलं म्हणणं सांगितलं. मी वर आणलेला तो आवाज त्या खोलीत इतका स्वच्छ ऐकू आला की मला तो परत आत ढकलावासा वाटला.

माझ्या शेजारी कॅप्टनांच्या घशातून हसू निघालं. अर्धंच. त्यांनी ते गिळलं.

रीळ संपलं, दिवे लागले. मग वहीवाल्याने पान उलटलं. "कॅप्टन, तुम्ही मोप्तीचे ना? ती म्हातारी काय म्हणाली?"

त्याने इतकं साधं विचारलं. कॅप्टनांच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. त्यांना एकच शब्द बोलायचा होता: आभार. वहीवाल्याला बोझो येत नसेल तर सगळे वाचले. येत असेल आणि तो फक्त परीक्षा घेत असेल, तर बामॉयबरोबर कॅप्टनही मिठाच्या खाणीवर जाणार. वहीवाल्याच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का, ते कॅप्टन शोधत होते. मीही शोधत होते. काहीच नव्हतं तिथं.

"धान्य अधिकाऱ्यांच्या घरी थांबलं," कॅप्टन म्हणाले. "असं म्हणते."

धान्याचे दुखणारे पायसुद्धा त्यांनी ठेवले नाहीत.

"आणि तिचा आवाज एवढा मोठा कोणी केला?"

मी. एकच अक्षर होतं तेही, आणि माझी दातखीळ बसली. मला घरी दोन मुली आहेत, हे मी स्वतःला तेव्हापासून रोज सांगते.

"मी," मागून बामॉय म्हणाला. "आवाजाचं काम माझं. ताईला बोली कळत नाही."

वहीवाल्याने लिहिलं. बामॉय उठून पुढे आला. अजून त्याच्या ओठांवर हसू होतं, त्याचा खरंच विश्वास होता. "काय रे कांदाखाऊ," तो म्हणाला, "माझ्या म्हातारीला घाबरलास? मला वाटलं, तू फक्त डोंगरातल्या माकडांनाच भितोस."

कॅप्टन गिंदो टोपीची कड पुसत होते.

"ए गुलामा! तुझ्याशी बोलतोय मी. माझी मांडी खाऊन जगलात, आता कान पण गेले का?"

मी जन्मात थट्टेच्या सोयऱ्याला उत्तर न देणारा माणूस पाहिला नव्हता. तिरडीपुढे देतात. कोर्टात देतात. भांडणात सुऱ्या निघाल्या तरी एकाने 'कांदाखाऊ' म्हटलं की सुऱ्या खाली येतात. मी कॅप्टनांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनातल्या मनात विनवत होते, शिवी द्या हो, एक तरी शिवी द्या त्याला.

कॅप्टनांनी टोपी घातली आणि ते बामॉयसमोर ताठ उभे राहिले.

"श्रीयुत काराबेंता," ते म्हणाले, "आपण कृपा करून आमच्याबरोबर येता का? घाई नाही. आपला चहा राहिला असेल तर घेऊन घ्या."

बामॉयचं हसू तेव्हा गेलं. त्याचं वय मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली, हात दोन्ही बाजूंना सोडले.

"नको, कॅप्टनसाहेब," तो म्हणाला. "आपल्याला उशीर होईल."

ते तिघं निघाले. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी दार मीच उघडून धरलं.