खंडेनवमीची गाडी

रत्नागिरीचं ऊन आणि खारा वारा कुणाची भीड ठेवत नाहीत. त्या दोघांनी मिळून विनीतच्या मोटरसायकलची अशी काही रया घालवली की शेजारच्या तुळसामावशीने एकदा विचारलंच, "हिला बुरशी आली काय गो?"

गाडी तशी साधीच, गल्लोगल्ली दिसणारी. पण तिचा पुढचा मडगार्ड आणि दोन्ही बाजूंची पॅनल्स नेवरे गावातच काय, तालुक्यात कुणाकडे नव्हती. ती कार्बन फायबरची होती. विनीत जहाजावर नोकरीला. एका खेपेला त्याने जपानातल्या कुठल्याशा बंदरातून हे तीन तुकडे कपड्यांत गुंडाळून आणले आणि कापून, घासून, शिव्या देत आपल्या गाडीला बसवले. हाताला कागदासारखे हलके, काळेभोर, आत बारीक विणलेलं जाळं आणि वर काचेची चकाकी. गावातली पोरं नुसती हात लावायला यायची. मग विनीत पुन्हा जहाजावर गेला, गाडी अंगणात उन्हात उभी राहिली, आणि काळ्याचं पिवळट, पिवळटाचं पांढरं झालं.

उभी राहिली म्हणजे अगदीच उभी नव्हे. विनीतची बायको नम्रता ती चालवायची. तिने सड्यावर, कातळावर पडत-धडपडत गाडी शिकून घेतली होती. ती रत्नागिरीत गाड्यांच्या रंगांच्या दुकानात रंग मिसळायचं काम करी. दुकान बंद झाल्यावर शेवटची एसटी मिळेलच याची हमी खुद्द एसटीवाले देत नसत. गाडी होती म्हणून नोकरी होती, इतका सरळ हिशोब होता. तो घरात एकट्या आप्पांनाच कळत नव्हता. किंवा चांगला कळत होता, म्हणूनच टोचत होता.

आप्पा म्हणजे विनीतचे वडील. माणूस वाईट नाही, पण आपल्या अंगणात आपल्याला न विचारता पानही हलू नये अशी त्यांची अपेक्षा. सून मोटरसायकलवर टांग टाकून रस्त्याने जाते आणि लोक माना वळवून बघतात, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण तसं तोंडाने म्हणावं तर आपण जुनाट ठरतो. म्हणून त्यांनी गाडीच्या रंगावर घसरायचं ठरवलं.

घट बसायच्या आदल्या दिवशी त्यांचा भाचा रघू संगमेश्वराहून आला होता. पडवीत तुळसामावशीही बसली होती. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाडी रघू घेऊन जाईल. रंगबिंग मारील, वापरील. असली सुतकी वस्तू दारात शोभत नाय."

"मी वापरते ना ती, आप्पा," नम्रता म्हणाली.

"वापरतेस, पण अवतार बघितलास? आपल्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजेला लागतं. ही लावशील? देवीला दाखवायला तरी तोंड आहे काय तिला?" आप्पा रघूकडे बघून हसले. "पुजेला लावण्याजोगी करून दाखव. मग मी तिला हात लावला तर नावाचा आप्पा नाय!"

रघूही हसला. मामा हसतात तेव्हा हसायचं, एवढं त्याला लहानपणापासून पाठ होतं.

"ठीक आहे," नम्रता म्हणाली. "मावशी, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकला गो," तुळसामावशी म्हणाली. अशी गोष्ट तिने ऐकली म्हणजे संध्याकाळपर्यंत वाडीने ऐकली.

त्या आठवड्यात विनीतचा फोन आला. आप्पांशी तो आधीच बोलला होता. "कशाला वाद घालतेस? देऊन टाक रघूला. मी आलो की दुसरी घेऊ."

"तुम्ही आलात की तुम्हाला दुसरी घ्या," नम्रता म्हणाली. "मला हीच लागते, आणि रोज लागते." तिने फोन ठेवला. नवऱ्याने आपली बाजू घेतली नाही याचं तिला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं. पण रडत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता.

तिने तिन्ही तुकडे सोडवून पडवीत ठेवले आणि कामावर गेली. संध्याकाळी परत येऊन बघते तर सासूबाई, आनंदीबाई, विहिरीपाशी बसून डावं पॅनल घासतायत. शेजारी समया, निरांजनं, तांब्याचा कलश, सगळं लखलखतंय. हातात नारळाची शेंडी, वाटीत भिजवलेली आमसुलं, बाजूला चुलीतली राख.

"आई! हे काय केलंत?"

"समया बघ कशा झाल्या! म्हटलं ह्यांनाही हात मारावा. तुझं तेवढंच काम वाचेल," आनंदीबाई म्हणाल्या. मग पॅनलकडे नीट बघून त्यांचा आवाज खाली गेला. "हे मेलं उजळतच नाय."

उजळणार कसं? पितळ आणि कार्बन फायबर यांची कधी ओळखदेख नाही. पॅनलवर ओरखड्यांचं नुसतं रान माजलं होतं. नम्रताला वाटलं, संपलं. आता आप्पांना बोट उचलायचीही गरज नाही, घरच्या माणसानेच घात केला. ती रागाने काही बोलणार होती, पण सासूबाईंच्या राखेने भरलेल्या हातांकडे बघून तिने काठावरची कळशी उचलली. राख धुवावी म्हणून तिने ती पॅनलवर रिकामी केली.

आणि पॅनल काळंभोर झालं.

आतलं जाळं स्वच्छ दिसलं, पहिल्या दिवशी होतं तसं. ओरखडे पाण्याखाली बुजून गेले. वाऱ्याने पाणी सुकलं, तसं ते पुन्हा पांढरं पडलं. नम्रताने पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा काळं. रोज रंगात हात घालणाऱ्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. जाळ्याला काहीच झालेलं नव्हतं. वरची लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, तेवढी उन्हाने मेली होती, आणि ती खरवडून काढल्याशिवाय नवी बसलीच नसती.

ती खदखदून हसायला लागली. "आई, अर्धं काम तुम्हीच केलंत!"

"थट्टा करतेस माझी."

"नाही हो. हे असंच घासायचंय. फक्त आमसूल नको आणि राख नको."

मग दोघी सासू-सुना पडवीत बसल्या. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा, घासायचं, धुवायचं, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. नम्रताने एकच गोष्ट बजावली होती: घासताना पांढरं पाणी येतंय तोवर मेलेली लॅकर निघतेय. काळं आलं की हात थांबवायचा, कारण मग जाळंच कापलं जातंय. आनंदीबाईंची नजर असली पक्की की मडगार्डच्या कडेला काळ्याची जरा रेघ दिसली मात्र, त्यांनी सुनेच्या मनगटावर चापट मारली. "थांब गो! आला काळा!"

आप्पा येता-जाता खाकरत. "चालू दे, चालू दे. कोळसा उगाळून पांढरा होतो का बघा." दोघी आपल्या घासत राहिल्या, आणि ते त्यांना फार लागलं.

लॅकर मारणं मात्र जिवावरचं काम. हवेत ओल असली की नवी लॅकरही दुधासारखी पांढरी पडते, आणि नवरात्रात कोकणातल्या हवेचा काय भरवसा. नम्रताने दुकानातून लहान कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन रिक्षात घालून आणली. पडवीला चादरी टांगल्या, जमीन शिंपून धूळ बसवली, तिन्ही तुकडे तारेने वाशाला लटकवले आणि तोंडाला फडकं बांधून ती उन्हाची वाट बघत राहिली. ऊन आलं तेव्हा लाइट गेली. लाइट आली तेव्हा ढग आले. भारनियमनवाल्यांना आणि ढगांना तिने सारख्याच शिव्या घातल्या. शेवटी एका दुपारी ऊन आणि लाइट दोघांचं जमलं. तिने हात एकसारखा फिरवत पातळ थर दिला, तो सुकू दिला, मग दुसरा, मग तिसरा. पांढरी झाक कुठेच आली नाही. पुढे लॅकर कडक झाल्यावर तिने बारीक पेपर आणि पॉलिश फिरवलं, तेव्हा पॅनलमध्ये पडवीची कौलं मोजता आली असती.

खंडेनवमीला सकाळी पडवीत पाट मांडून हत्यारं ओळीने लावली होती. आप्पांचा कोयता, कुदळ, पहार, आंबे उतरवायचा घळ, विळी, सुपारीचा अडकित्ता. ओळीच्या शेवटी अंगणात मोटरसायकल उभी होती. ती बघायला अर्धी वाडी जमली होती. तुळसामावशी तर सगळ्यांच्या पुढे.

आप्पा गाडीभोवती फिरले. वाकले. मडगार्डवर त्यांचं स्वतःचं तोंड दिसलं, तसे चटकन सरळ झाले.

"बरी झालीय," ते म्हणाले. मग हळदकुंकवाचं तबक त्यांनी सणाला पुन्हा आलेल्या रघूच्या हातात दिलं. "रघ्या, पूजा तू कर. उद्या तुलाच न्यायचीय."

तुळसामावशीने तोंड उघडलं, पण नम्रताने तिला हातानेच थांबवलं.

"आप्पा, तुम्ही शब्द दिला होतात."

"मी हात लावणार नाय म्हटला होता. मी कुठं लावतोय? रघू लावतोय." आप्पांनी मिशी पुसली. "आणि पूजा बापयांनी करायची असते, बायकांनी नाय."

नम्रताचं डोकं सणकलं. ती सरळ ओळीपाशी गेली आणि तिने आप्पांचा कोयता उचलला. "मग रघू भावजींनी ह्याची पण पूजा करावी. आणि उद्या जाताना हा पण घेऊन जावा."

"ठेव तो खाली! कोयता माझा आहे!"

"का? पैसे तर तुमच्या वडिलांनी दिले असतील."

"मी वापरतो तो! चाळीस पावसाळे ह्या हाताने..." आप्पा मध्येच थांबले. बोलून गेलेलं परत गिळता येत नव्हतं.

"हो ना," नम्रता म्हणाली. "मग गाडी माझी आहे."

तिने कोयता जागेवर ठेवला आणि रघूसमोर हात पसरला. रघूने मामाकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि तबक वहिनीला देऊन टाकलं. तिने चकचकीत काळ्या मडगार्डवर हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ हँडलला घातली.

पूजा झाल्यावर तिने तबक आप्पांपुढे धरलं. आप्पांनी हात पुढे केलाच होता, तेवढ्यात मागून आनंदीबाई आल्या. लग्न होऊन आल्यापासून दर खंडेनवमीला त्या दारात उभ्या राहून आप्पांना पूजा करताना बघत आल्या होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ते तबक इकडे येऊ द्या आधी. विळी माझी आहे."