प्रितमच्या बोटीवरचे पाहुणे

प्रितमच्या बोटीवरचे दोघे जण एका दिवसासाठी बंदरात उतरणार आहेत, हे लेकीनं, रुतिकानं, सांगितलं तेव्हा चंद्राबाई खाडीतल्या निवट्या साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. "फिरवून आना त्यांना," म्हणाली, "पन घरात नको."

मालाच्या बोटीवर कामाला असलेला तिचा प्रितम गेल्या पावसाळ्यात बोटीवरच वारला. साधा ताप म्हणता म्हणता डोक्यात चढला, आणि बोट कुठल्याच बंदराच्या जवळ नव्हती. मग बऱ्याच दिवसांनी विमानानं पेटी आली. पेटी उघडायची नाही, असं बरोबरच्या माणसानं बजावलं. भाऊबंदांनी ती तशीच स्मशानात नेली. चंद्राबाईनं पोराचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून ती बाजारात मासळीची पाटी घेऊन बसली नव्हती.

दोघेही फिलिपाइन्सचे. रोडेल बोटीवरचा आचारी, चाळिशी ओलांडलेला. आर्नेल प्रितमच्या वयाचा, इंजिनावर त्याच्याच पाळीला असायचा. बोट आमच्या बंदराला लागली की मी तुम्हाला माझा गाव दाखवीन, असं प्रितमनं त्यांना कबूल केलं होतं. बोट आता लागली होती.

चंद्राबाईच्या नवऱ्याची, चांगदेवची, इको गाडी द्रोणागिरीतल्या गोदामांत कामगार पोचवायची. त्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली, रुतिकानं महाप्याच्या ऑफिसात रजा सांगितली. पाहुण्यांना बंदरातून घेऊन गाडी दाराशी उभी होती. रोडेल इंग्रजीत काय काय विचारत होता आणि रुतिका बापाला सांगत होती, "बाबा, दादा जिथं पोहायला शिकला ती जागा बघायचीय म्हणतायत."

"ती कुठली?" चांगदेव म्हणाला. "मला काय ठाव? मी कामावर असायचो."

चंद्राबाई आतून ऐकत होती. तिनं पदर खोचला, पायात चपला सरकवल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

"डाव्या हाताला घे," तिनं नवऱ्याला सांगितलं.

गाडी थांबली ती एका लांबलचक भिंतीपाशी. भिंतीपलीकडे कंटेनरांवर कंटेनर रचलेले. "हितं आमची उघाडी व्हती," चंद्राबाई म्हणाली. "बांधाला दार असतो ना, भरतीचा पानी आत घ्यायला, ती. मी कोलंबी धरायची आन प्रितम पान्यात पडलेला."

चांगदेव ओशाळला. "रुतिका, त्यांना म्हन, आता हितं काय बघन्यासारखं नाय. आपन पामबीच रोडला नेऊ, चांगला मॉल दाखवू."

रुतिकानं सांगितलं. रोडेलनं मान हलवली आणि सावकाश काहीतरी बोलला.

"त्यांना माहीत होतं," रुतिका म्हणाली. "दादा त्यांना म्हणायचा, माझ्या पोहायच्या जागेवर आता तुमचे डबे ठेवलेत. हसायचा म्हणे."

आर्नेलनं त्या भिंतीचाच फोटो काढला. मग ते भिंतीच्या कडेकडेनं चालत गेले, तिथं तिवरांमागे खाडीचा एक पट्टा अजून शिल्लक होता. ओहोटी होती. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. रोडेल एकदम थांबला आणि बोट दाखवून म्हणाला, "निवटी!" मग रुतिकाकडे वळून त्यानं लांबलचक हकिगत सांगितली. प्रितम सुट्टीच्या दिवशी त्याच्या भटारखान्यात घुसायचा, हाती लागेल त्या माशाचं कालवण करायचा आणि पहिल्याच घासाला चिडायचा, की हे आयेसारखं नाही झालं.

चंद्राबाईनं ते ऐकून घेतलं. "घरी चला म्हनावं," ती म्हणाली. "जेवन रांधलंय मी."

दोघे मांडी घालून बसले, हातानं नीट जेवले. तिनं भाकरी वाढली, पुन्हा वाढली. ताटं उचलली, तरी ती तिथंच बसून राहिली. मग म्हणाली, "रुतिका, इचार त्यांना. माज्या पोराला आंघोल कोनी घातली?"

"आये, कशाला आता..."

"इचार."

रुतिकानं विचारलं. आर्नेल खाली बघू लागला. रोडेलनं छातीला हात लावला. त्याचं बोलणं थांबत थांबत येत होतं, आणि रुतिकाही तसंच थांबत सांगत होती.

"यांनी घातली, आये. दोघांनी मिळून. पाणी गरम केलं होतं. दादाची दाढी वाढलेली, ती यांनी केली. दादा म्हणायचा, दाढी घेऊन घरी गेलो तर आये दारातच बोलते. म्हणून."

"तोंड कसा व्हता?"

रोडेलला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्यानं उत्तर दिलं.

"वाळला होता म्हणाले. पण ओळखू येत होता. दादाच होता."

चंद्राबाई पुढे सरकली. तिनं रोडेलचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि त्यांवर कपाळ टेकून रडू लागली. चांगदेव ओसरीवर निघून गेला. तिला कोणी गप्प केलं नाही.

संध्याकाळी बंदराच्या गेटवर पास दाखवायच्या आधी रोडेलनं वाकून तिचा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तुज्या आयेला फोन कर," ती म्हणाली.

रुतिकानं ते इंग्रजीत सांगितलं. रोडेलनं मान डोलावली. दोघे आत गेले, ट्रकांच्या रांगेआड दिसेनासे झाले. चांगदेवनं गाडी चालू केली, पण चंद्राबाई गेटपाशी उभीच होती. त्यानं हॉर्न वाजवला नाही. गाडी पुन्हा बंद केली आणि तो तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.