हलका खोका

घरात तिला सगळे ‘तपासनीस’ म्हणत. लेकीच्या दुधाचा थेंब तीनदा मनगटावर टाकून बघायची, गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर यायची. नवरा म्हणायचा, “ही स्वर्गात गेली तरी आधी दाराची कडी बघेल.” आज मात्र कुणी हसत नव्हतं. आज तिच्या आईच्या पोटातली गाठ काढायची होती.

मागे सुईने काढलेला गाठीचा कण आठवडाभर फॉर्मालिन या टिकवणाऱ्या द्रावणातच पडून राहिला होता. जनुकं वाचणाऱ्या प्रयोगशाळेने हात टेकले. म्हणे, सगळं तुटलंय, वाचता येत नाही. आणि आईला कोणतं औषध लागू पडेल, ते त्या वाचनावरच ठरायचं होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी या खेपेला तिला समोर बसवून बजावलं होतं, “गाठ बाहेर आली की अर्ध्या तासात तिचा एक ताजा तुकडा कोरड्या बर्फात गोठला पाहिजे. बाकीची फॉर्मालिनमध्ये जाईल. गाठ एकदाच निघते, हे विसरू नका.”

विसरते कसली! ऑपरेशन मंगळवारचं होतं, आईचा रक्तदाब चढला म्हणून बुधवारवर गेलं. बुधवारी आत जाता जाता आई म्हणाली, “बाहेर गप्प बस गं. भिंतींना प्रश्न विचारत बसू नकोस.”

दार बंद झालं तशी ती तडक बोळाच्या टोकाला, रुग्णालयाच्या लॅबमध्ये गेली. चष्मा कपाळावर सारून तंत्रज्ञ डबा खात होता.

“दादा, बर्फाचा खोका आलाय ना?”

“आलाय हो ताई. सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय. तो काय टेबलाखाली.”

“उघडून बघू?”

“अजिबात नाही. उघडला की बर्फ उडतो.”

“मग नुसता उचलून बघू?”

“बघा! आवडला तर भावही विचारा.”

तिने वाकून खोका उचलला आणि तोल जाता जाता सावरली. इतका तो हलका. भरलेलं पातेलं आणि रिकामं पातेलं हाताला कळतं, त्याला झाकण काढावं लागत नाही. तंत्रज्ञाचा घास हातातच राहिला. त्यानेच येऊन झाकण काढलं. आत थेंबभर पाणीसुद्धा नव्हतं. कोरडा बर्फ वितळत नाही, हवा होऊन निघून जातो.

“कधी आला होता हा?”

“सोमवारी संध्याकाळी.” तो खाली बसला. “ऑपरेशन पुढे गेलं ते सर्जनना कळवलं, भूलवाल्यांना कळवलं, रक्तपेढीला कळवलं. बर्फाला कळवायचं राहिलं.”

“तुमचा फ्रीजर चालेल?”

“त्यात हळूहळू गोठेल. पेशींत बर्फाचे काटे होतात, फाटतात त्या. नवा बर्फ मागवला तर उद्या येईल.” त्याने ऑपरेशनच्या खोलीत फोन लावून विचारलं. “गाठ निघायला दीड तास. फार तर.”

रडायला दीड तासात जागा नव्हती. तिला आठवला लेकीच्या वाढदिवसाचा आइस्क्रीम केक. थर्माकोलच्या पेटीतून धूर निघत होता आणि ‘मुलांनी हात लावू नये’ ही सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत होती. त्यावरून तिने दुकानदाराला फोनवर चांगलं फैलावर घेतलं होतं. नंबर अजून होता.

“तुम्ही त्या बारीक अक्षरांच्या बाई ना?” दुकानदार म्हणाला. “मोठी केली हो अक्षरं.”

“छान केलंत. मला कोरडा बर्फ हवाय.”

“केक कोणता देऊ?”

“केक नको. नुसता बर्फ.”

“नुसता देत नाही आम्ही.”

तिने चार वाक्यांत सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, “पाच किलो पुरेल?”

बाहेर बाकावर बसलेला नवरा गाडीकडे पळाला, मागून तिच्या सूचना. “काचा उघड्या ठेव. हातमोजे घाल. झाकण घट्ट लावू नकोस, गॅस साठतो.”

“श्वास घेऊ ना?”

“खिडकीकडे तोंड करून घे!”

ती ऑपरेशनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. परिचारिका वैतागली, “ताई, बाकावर बसा की.”

“बसते. पण सगळी गाठ फॉर्मालिनच्या बरणीत टाकू नका हं, सवयीने.”

“नाही टाकणार!”

“मी आत थांबतो,” मागून तंत्रज्ञ म्हणाला. डबा अर्धाच टाकून तो छोटी नळी घेऊन आला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी गाठ निघाली, आणि तंत्रज्ञ तिचा तुकडा नळीत घालून लॅबकडे पळाला. सव्वा वाजला. एक वीस झाले. ती घड्याळाकडे बघत नव्हती, जिन्याकडे बघत होती. एक चोविसला नवरा वर आला, केस विस्कटलेले, नाक लाल. तिने पेटी त्याच्या हातून घेतली. दोन्ही खांदे खाली ओढले गेले, आणि त्या वजनाने तिला इतकं बरं वाटलं की काय सांगावं!

लॅबमध्ये तंत्रज्ञाने नळीतला वाटाण्याएवढा तुकडा एकदा बघितला, झाकण घट्ट फिरवलं. बर्फात रोवण्याआधी, तिने काही विचारायच्या आतच, नळी तिच्यासमोर धरली.

“नाव वाचा, ताई.”

तिने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. “बरोबर.”

नळी धुरात बुडाली. एक वाजून एकोणतीस.

संध्याकाळी आईने डोळे उघडले. ओठ कोरडे, पण जीभ शाबूत. “झालं का तुझं तपासून?”

“झालं. तुकडा वेळेत गोठला.”

“मग आता औषध मिळेल?”

खोटं बोलणं सोपं होतं. “ते अजून माहीत नाही, आई. पण या वेळी त्यांना वाचता येईल.”

“वाचू दे,” आई म्हणाली आणि तिचं बोट धरून पुन्हा झोपली.

ते बोट हलकेच सोडवून ती खाली गेली. जनुकं वाचणाऱ्या प्रयोगशाळेचा माणूस पेटी न्यायला आला होता. तंत्रज्ञ बाजूला सरकला, म्हणाला, “थांबा जरा. आधी या उचलून बघतील.”

तिने उचलली. पेटी जड होती.

“न्या,” ती म्हणाली.