घट्ट झाकणाचा डबा

कल्पना करा मुलांनो, तुम्ही तळेगावच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानासमोर उभे आहात. सकाळची वेळ. दुकानाचे मालक प्रभाकरराव शटरला हात घालतात. शटर गुडघ्यापर्यंत येतं आणि थांबतं. हाच माणूस गेल्या वर्षी ते एका हाताने वर ढकलायचा. समोरचा चहावाला मदतीला धावतो आणि परत जाताना गिऱ्हाइकांना डोळा घालतो: घेत असतील. प्रभाकररावांना लिव्हरचं, म्हणजे यकृताचं दुखणं होतं, आणि ते म्हटलं की लोकांना दारूच आठवते. प्रभाकररावांनी थेंबही कधी घेतला नव्हता. जुन्या मधुमेहात त्यांच्या यकृतात चरबी साचत गेली आणि ते खराब झालं.

त्यांची नात सपना पाचवीत होती. तिचा संशय मात्र वेगळाच. रोज झोपण्याआधी तिची आई मंजुषा आबाजींना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, दुधाचा ग्लास द्यायची. त्याआधी डाळीच्या पिंपामागून स्टीलचा डबा काढायची, त्यातली भुरकट पूड दुधात ढवळायची आणि डबा पुन्हा तिथेच लपवायची. सपनाने विचारलं तेव्हा म्हणाली, दवाई आहे, कोणाजवळ बोलू नको. दवाई आहे तर लपवायची कशाला? आणि आबाजींच्या दंडांची कातडी का लोंबायला लागली?

पुलगावहून शोभाआत्या वडिलांना बघायला आली, तेव्हा सपनाने तिला सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सपनाचे बाबा माल आणायला नागपूरला गेल्यावर, आत्याने तो डबा आणून वडिलांच्या मांडीवर ठेवला. आबाजींनी झाकणाला बोटं लावली. जन्मभर डबे विकलेला माणूस, पण झाकण हलेना. शेवटी आत्यानेच ते काढलं, वास घेतला आणि पुन्हा दाबून बसवलं.

"मंजुषा, खरं सांग. काय चारून राह्यली तू बाबाले?"

आजच बाबांना पुलगावला नेते, असंही ती म्हणाली.

"सातूचं पीठ आहे," मंजुषा म्हणाली.

दिवेलागणीनंतर धान्य खायचं नाही, हा आबाजींचा वडिलांपासूनचा नेम होता. दूध तेवढं चालायचं; सातू म्हणजे तर भाजून दळलेलं धान्यच.

मग मंजुषाने वर्ध्याच्या डॉक्टरांनी समजावलेलं सांगितलं. यकृत म्हणजे शरीराची कोठी. दिवसा खाल्लेल्यातली साखर ते साठवतं आणि आपण झोपलो की थोडी थोडी सोडतं. आजारी यकृताची कोठी लवकर रिकामी होते. शरीराला तर जळण लागतंच. मग सरपण संपल्यावर बाजेचे पाय चुलीत घालावेत, तसं ते स्नायूच मोडून जाळतं. उरलेल्या स्नायूंच्या पेशींत शक्ती तयार करणाऱ्या बारीक शेगड्या असतात, त्याही मंद होतात. म्हणून माणूस वाळतोही आणि थकतोही. झोपण्याआधी थोडं खाल्लं, तर ही मोडतोड कमी होते.

आत्याला पटलं नाही. हा डबा आल्यापासूनच बाबांचे हात असे झाले, असं ती म्हणाली.

आता तुम्हीच विचार करा. आधी काय झालं, ते कसं शोधाल? सपनाने आठवून पाहिलं.

"शटर तं दिवाळीतच अडकलतं आत्या," ती हळूच म्हणाली. "मीच हात लावलता. डबा संक्रांतीनंतर आला."

आत्या खाली बसली. आबाजी मात्र मंजुषाकडे बघत होते.

"माहा नेम माह्याच घरात मोडला, अन् मलेच ठाऊक नाई."

"तुमाले सांगतलं असतं मामाजी, तं तुमी घेतलं नसतं."

आबाजींनी डबा दूर सारला. यापुढे या घरात दूधही घेणार नाही, म्हणाले.

रात्री झोपण्याआधी सपनाने डबा उचलला. चमच्याचा दांडा झाकणाखाली घातला आणि एका बाजूने ते जरा सैल केलं.

"आज मी तुमच्या समोरच कालवीन, आबाजी. घ्याचं का नाई, ते तुमी सांगजा."

मग झाकण पुरतं न काढताच तिने डबा त्यांच्या हातात दिला आणि रिकामा ग्लास घेऊन त्यांच्यासमोर बसली.