विष्णुपंतांची शपथ

बदलापूर गावात विष्णुपंतांइतका खोटारडा माणूस नव्हता, आणि स्वतःला इतका सज्जन समजणाराही नव्हता. त्यांच्या वाडीतून गावविहिरीकडे जाणारी जुनी पायवाट त्यांनी काटेरी कुंपण घालून बंद केली आणि कोर्टात बेधडक लिहून दिलं, की इथे वाट कधी नव्हतीच! तेव्हापासून शेजारच्या उमाची आई हंडा घेऊन ओढ्याकडून वळसा घालून यायची. पावसाळ्यात घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा विष्णुपंत जपमाळ ओढत ओटीवर बसले होते.

उमाचे वडील चिंतामणी म्हणजे भिडस्तपणाचा कळस. वाटेसाठी दावा लावला खरा, पण ते निमूट तारखांना जायचे. विष्णुपंतांना मात्र दर तारखेला ताप यायचा, नाहीतर मेव्हणीकडे बारसं निघायचं.

अखेर साक्षीचा दिवस उजाडला. उमा शाळा बुडवून कल्याणच्या कोर्टात हजर! चिंतामणींच्या वकिलांनी, श्यामकांतांनी, उठून सांगितलं की आम्हाला साक्षीदारच नकोत. विष्णुपंतांनी अंबरनाथच्या शंकरापुढे बेलभंडारा उचलून, देवाच्या शपथेवर ‘वाट नव्हती’ एवढं म्हणावं, आम्ही दावा सोडतो.

कागदावर वाघ असलेले विष्णुपंत शेळीसारखे आपल्या वकिलाकडे बघायला लागले. विचार करायला म्हणून थोडा वेळ मिळाला, आणि व्हरांड्यात लगेच पंतांकडून तडजोडीचा कागद आला. कुंपण काढतो, पण शेजारधर्म म्हणून, मेहेरबानीने जाऊ देतो, असं लिहा म्हणे.

चिंतामणींनी सुटलो एकदाचे म्हणून पेन उघडलंसुद्धा. उमाच्या अंगाची लाही लाही झाली. मेहेरबानी उद्या रुसली, की आई पुन्हा ओढ्याने!

“विष्णुकाका, वाट नव्हतीच ना? मग उचला की बेल. अंबरनाथ परतीच्या वाटेवरच आहे.”

“चिंतामणराव, पोरीला आवरा. मोठ्यांत बोलते.”

चिंतामणींनी पेनाला टोपण लावलं. “बोलू दे तिला. पंत, उचलता का बेल?”

पंतांनी जानव्याशी चाळा केला, घसा साफ केला, आणि बेलाचं नावही काढलं नाही. मेहेरबानी खोडली गेली. वहिवाटीचा कायमचा हक्क, असं लिहून दोघांच्या सह्या झाल्या, आणि न्यायाधीशांनी तसा हुकूमनामा दिला.

दुसऱ्या दिवशी कुंपण निघालं. आई हंडा घेऊन वाडीतून निघाली, तर हे गृहस्थ ओटीवरून गोड हसून म्हणतात, “या वहिनी, पूर्वीपासूनची तुमचीच वाट.”

आईने मान वळवली नाही. पदर सारखा केला आणि वाडीच्या मधोमध, अगदी सावकाश, चालत गेली.